तुळस का वाळते?

ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याच्या दारात तुळस नाही, असे सहसा घडत नाही. वारीत माउल्या डोक्यावर वृंदावन घेऊन अडीच-तीन आठवडे उन्हापावसात चालतात, आणि त्यातले रोप पंढरपुरापर्यंत टवटवीत राहते. मग पुण्यासारख्या शहरात, नळाला पाणी असलेल्या घरात, गॅलरीत ठेवलेली तुळस वर्षाच्या आत का वाळावी? हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला आहे की आज त्याविषयीच लिहावे असे ठरविले. ओघाने घरच्या इतर औषधी झाडांचाही विषय येईल. पण मुख्य गोष्ट तुळशीची.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या ओळखीचे एक माळकरी कुटुंब शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात तीन पिढ्या राहत होते. वाडा पाडला, त्या जागी इमारत उभी राहिली आणि मंडळी तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. त्याच सुमारास घरात सून आली. पहिल्या पावसाळ्यात तुळस गेली. दुसरी आणली, ती दिवाळीपर्यंत टिकली नाही. तिसरी ऐन मार्गशीर्षात वाळली. सासूबाई तशा प्रेमळ, पायी वारीचा नेम पाळणाऱ्या, पण तिसऱ्या खेपेस त्यांच्या तोंडून शब्द निघून गेला, "हिचा हात लागला की तुळस टिकत नाही बाई." शेजारणीने त्यात भर घातली की घरावर काही संकट यायचे असले म्हणजे तुळस आधी वाळते. झाले! त्या पोरीने तुळशीपाशी जाणेच सोडले. आम्ही एकादशीच्या भजनाला गेलो असताना हे कानावर आले, आणि भजन राहिले बाजूला, आम्ही कुंडी पाहायला मागितली.

कुंडी दिसायला सुरेख. आत साधी प्लास्टिकची, बाहेरून पितळेसारखी दिसणारी दुसरी. बाहेरच्या कुंडीला भोक नाही. आतली उचलली तर खाली चार बोटे पाणी साचलेले, आणि त्याला वास. रोप ओढले ते अलगद हातात आले. मुळे तपकिरी, मऊ, बोटांनी दाबली की साल निघून येईल अशी. मग विचारले, पाणी कोण घालते? उत्तर आले, "सगळेच घालतो. आंघोळ झाली की प्रत्येकाने एक तांब्या तुळशीला घालायचा, हा आमच्याकडे पहिल्यापासूनचा नेम." घरात माणसे पाच. पाच तांबे म्हणजे साडेतीन-चार लिटर पाणी. आठ इंची कुंडीत माती मावते तीही साधारण तेवढीच. म्हणजे कुंडीत जेवढी माती, जवळजवळ तेवढे पाणी, दररोज, पावसाळ्यातसुद्धा!

तुळस तहानेने वाळली नव्हती. बुडून मेली होती. आणि तिला बुडविण्यात सुनेचा वाटा पाचांतला एकच होता.

यात फसगत होते ती अशी. मातीत सतत पाणी भरून राहिले की मुळांना हवा मिळत नाही. मुळे कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची पाने माना टाकतात, पिवळी पडतात, गळतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, बिचारी सुकली, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. जितकी भक्ती मोठी तितकी तुळस लवकर जाते, असा हा उलटा हिशेब.

मग वाड्यात ती कशी टिकत होती? तिथेही नेम तोच, तांबे उलट जास्त. हे समजायला जुने वृंदावन डोळ्यांपुढे आणावे लागते. वाड्याच्या चौकात दगडाचे किंवा विटांचे, छातीएवढे उंच वृंदावन असे. आत खालपर्यंत मातीचा भराव, पुष्कळ ठिकाणी थेट जमिनीला भिडलेला. दहा तांबे घातले तरी पाणी झिरपून खाली जाई. मुळांपाशी राहील तो ओलावाच. चौक वरून उघडा, म्हणून ऊन भरपूर. प्रदक्षिणेसाठी चहूबाजूंनी जागा मोकळी, म्हणून वारा खेळता. बांधणाऱ्यांनी पूजेची सोय पाहिली, तीत झाडाची सोयही होऊन गेली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पाण्याने नेले. जे राहिले त्यांतले पुष्कळ पुढच्या साठ वर्षांत एकेक करून पाडले गेले. तुळशीबागेचे नाव घेतले की आज बांगड्या, भांडी आणि गर्दी आठवते. तुळस उरली ती नावात. वृंदावन गेले, कुंडी आली. नेम मात्र वृंदावनाच्या मापाचाच राहिला.

आम्ही त्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग काय देवाचा नेम मोडू?" प्रश्न रास्त होता. नेम मोडायचे काही कारण नाही. आम्ही सुचविले ते एवढेच: कुंडीपुढे एक मोठे ताम्हन ठेवावे. ज्याने त्याने आंघोळीनंतर तुळशीला नमस्कार करून आपले पाणी त्या ताम्हनात सोडावे. तुळशीच्या मुळाशी घरातल्या एकानेच, तेही बोटाने माती पाहून, पाणी घालावे. ताम्हनातले उरलेले पाणी ज्या झाडाला तहान आहे त्याला द्यावे. हळदकुंकू खोडाला न लावता कुंडीच्या दर्शनी बाजूला वाहावे. अक्षता, दूध, निरांजनातले तेल मातीत पडू देऊ नये; तांदूळ आणि दूध कुजले की माती आंबते आणि बारीक चिलटे होतात. उदबत्ती मातीत खोचू नये, तिला वेगळे घर असावे. सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीच उठून माळ्यावरचे ताम्हन काढून आणले.

सावता महाराज अरणचे माळी. त्यांनी मळा सोडला नाही, आणि पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते ही परंपरा वारकऱ्यांना ठाऊकच आहे. अशा माळ्याने वाळलेली तुळस पाहून आधी माती उकरून पाहिली असती, सुनेचा हात नव्हे, असे आम्हाला आपले वाटते.

आता प्रत्यक्ष लागवडीचे. कुंडी निदान दहा-बारा इंच रुंद आणि तितकीच खोल असावी. मातीची असेल तर उत्तम, कारण ती पाणी शोषून बाहेर टाकते. पण प्लास्टिकची असली तरी बुडाला चार-पाच भोके हवीत. भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे उपडे ठेवावेत म्हणजे माती वाहून जात नाही आणि भोक बुजत नाही. पुण्याच्या आसपासची काळी माती एकटी वापरू नये. ती भिजली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते. रोपवाटिकेतली लाल माती एकटी वापरली तर काही महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते. दोन वाटे माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा जाड वाळू, हे मिश्रण आम्हाला मानवले आहे. शेणखत ताजे नको. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात. रोप एम्प्रेस गार्डनमधून आणा की कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून, आणल्या दिवशीच उपटून लावायची घाई करू नये. दोन-तीन दिवस त्याला घरची हवा लागू द्यावी आणि मग संध्याकाळी, मुळांभोवतीची माती न फोडता, कुंडीत बसवावे.

उन्हाविषयी तडजोड नाही. निदान पाच-सहा तास ऊन हवेच, त्यातले सकाळचे असेल तर फारच बरे. पुष्कळ घरांत गॅलरी उत्तरेला असते, तिथे ऊन येत नाही, आणि तुळस लांब, बारीक, फिकी होत जाते. अशा वेळी वास्तूची दिशा धरून बसण्यापेक्षा ज्या खिडकीत ऊन येते तिथे तुळस न्यावी किंवा सोसायटीच्या गच्चीवर चार घरांनी मिळून एक मोठे वृंदावन करावे. गच्चीवर जलरोधक थर असतो. तेव्हा कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात.

पाण्याचा नियम एकच. तर्जनीचे पहिले पेर मातीत घालावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओले लागले तर हात जोडून परत फिरावे. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रोज लागेल, कधी दोनदाही. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस लागणार नाही. थंडीत एक दिवसाआड पुरे. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. त्यात मुळे तर कुजतातच, पण डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात नवे डास उडू लागतात.

पौष-माघात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेला की तुळशीची पाने काळवंडतात. तेव्हा रात्री कुंडी आत घ्यावी किंवा वर सुती कापड टाकावे. त्या दिवसांत पाने गळाली तरी लगेच आशा सोडू नये. खोडाला नखाने किंचित खरवडून पाहावे, आत हिरवे असेल तर फाल्गुनात पुन्हा फुटते.

मंजिरीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मंजिरी विठ्ठलाला प्रिय, म्हणून ती झाडावर राहू देतात. परंतु झाडाने एकदा फुलोरा आणि बी धरले की त्याची सगळी शक्ती तिकडे जाते, नवी पाने येत नाहीत, खोड लाकडासारखे होते. म्हणून कोवळी मंजिरी नियमाने खुडून देवाला वाहावी. देवाचे देवाला मिळते आणि झाडाला नवे फुटवे येतात. बियांसाठी कार्तिकात तुळशीचे लग्न लागल्यावर पाच-सहा मंजिऱ्या तेवढ्या राखाव्यात. द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये हा नेम आपण पाळतो, तो पाळावाच. बाकीच्या दिवशीही एकाच फांदीची सगळी पाने ओरबाडू नयेत, वरचे शेंडे थोडे थोडे घ्यावेत.

पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा. त्या दिवसांतली पाने नैवेद्यावर ठेवू नयेत. दुकानातली विषारी औषधे तर तुळशीवर मुळीच नकोत, कारण हे पान आपण तीर्थात घालून पितो.

आणि एवढे सगळे करूनही तुळस कुंडीत बहुधा दोन-तीन वर्षेच जगते, हे ध्यानी घ्यावे. तो तिचा आयुष्यक्रम आहे. संकटाची सूचना नव्हे. आपल्या गळ्यातल्या माळेचे मणीही अशाच, आयुष्य पुरे झालेल्या तुळशीच्या लाकडाचे असतात. तेव्हा तुळस वाळली म्हणून घरातल्या कोणाला, विशेषतः सुनेला किंवा विधवा बाईला, बोल लावणाऱ्याने आधी कुंडीचे बूड पाहावे.

जुनी तुळस जाण्याआधी नवी तयार ठेवणे हाच खरा उपाय. काळसर झालेल्या मंजिऱ्या कागदावर वाळवून तळहातावर चोळाव्यात, फुंकर घालून फोल उडवावे. खाली मोहरीहून कितीतरी बारीक बी उरते. किराणा दुकानातल्या सब्जाला कित्येक जण तुळशीचे बी म्हणतात. तो तुळशीचा भाऊबंद खरा, पण आपली तुळस नव्हे. आपली रामतुळस आणि कृष्णतुळस मात्र एकाच जातीच्या, रंगाचा काय तो फरक. बी पेरावे चैत्री पौर्णिमेला, म्हणजे चैत्री वारीहून घरी आल्यावर. चाळलेल्या मातीवर बी नुसते भुरभुरावे, वर चिमूटभर खत चाळावे आणि हाताने पाणी शिंपडावे. खोल पुरलेले बी उगवत नाही. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात; चार-सहा पाने आली की एकेक रोप लहान पिशवीत लावावे. चैत्री पौर्णिमेपासून ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात येईपर्यंत सुमारे दहा आठवडे होतात. तेवढ्यात रोप वीतभर उंच आणि द्यायजोगे होते. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला, 2024 साली 17 जुलैला आणि 2025 साली 6 जुलैला आली. इंग्रजी तारखा अशा मागेपुढे होतात, पण तिथी धरून पेरले की हिशेब चुकत नाही.

आता तुळशीच्या शेजाराकडे वळू. ताम्हनातले पाणी कुठे घालायचे, हा प्रश्न राहिला आहेच. जुन्या वाड्यांच्या परसात झाडे तहानेप्रमाणे लावलेली असत. मोरीच्या सांडपाण्यावर अळू, त्याच्या पलीकडे गवती चहा, कोरड्या कोपऱ्यात कोरफड. गॅलरीतही हाच क्रम ठेवावा. सर्वांत तहानलेला पुदिना. मंडईतून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पेल्यात पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. त्याला पसरट कुंडी द्यावी आणि वेगळीच द्यावी, कारण तो दुसऱ्याच्या घरात पाय पसरतो. गवती चहाचे मुळासकट एक थोंब मिळाले तर वर्षात कुंडी भरते. चार बोटे राखून कात्रीने कापावा, हाताने ओढू नये, पात कापते. ताम्हनाचे पाणी या दोघांना.

पानओवा म्हणजे जाड, लव असलेल्या पानांचा; ओव्याचे दाणे ज्याचे येतात ते झाड निराळे. याची फांदी मोडून मातीत खोचली की जगते, कमी उन्हातही चालतो, फक्त पाणी बेताने. पानांची भजी मुलांना आवडतात, हे वेगळे सांगायला नको. अडुळशाला मोठी जागा लागते. सोसायटीच्या कुंपणाला लावावा, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. कोरफडीला पंधरा दिवसांतून एकदा पाणी मिळाले तरी ती तक्रार करत नाही.

औषध म्हणून वापरताना मात्र जपून. खोकल्याला अडुळसा चांगला, पण गरोदर बाईला देऊ नये. कोरफडीचे पान कापल्यावर सालीखालून पिवळा चीक येतो, त्याने जुलाब होतात. तो निथळू देऊन, धुऊन मगच गर घ्यावा. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी किंवा शस्त्रक्रिया व्हायची असलेल्यांनी तुळशीचा काढा रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तीर्थातल्या एका पानाची गोष्ट वेगळी. गुळवेलीविषयी तर दोनदा सांगावेसे वाटते. कोरोनाच्या काळात घरोघर तिचा काढा झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे की गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ नये. आम्ही वैद्य नाही. वेल जाणत्याला दाखविल्याशिवाय आणि आपली प्रकृती वैद्याला सांगितल्याशिवाय तिचा काढा महिनोन्‌महिने घेऊ नये, इतके आम्हाला समजते. वारीत मात्र सावलीत वाळविलेला गवती चहा आणि सुंठ यांची पुरचुंडी पडशीत असावी. पावसात भिजून मुक्कामाला आल्यावर तिची किंमत कळते.

त्या शनिवार पेठेतल्या घराचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. चौथी तुळस तीन वर्षे टिकली. तिच्या बियांची रोपे सून दर चैत्रात करते. गेल्या ज्येष्ठात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला होती, तेव्हा सासू-सुना मिळून पिशवीत रोपे घेऊन गेल्या. डोक्यावर रिकामे वृंदावन घेतलेली परभणीकडची एक म्हातारी भेटली. तिचे रोप वाटेत मोडले होते. तिने नवे रोप हातात घेतले, मातीला बोट लावून पाहिले आणि विचारले, "माय, पाणी किती घालू याला?" सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखविले. म्हणाल्या, "ते हिला विचारा. आमच्याकडे तुळशीचे हीच पाहते."